काट्यावरचा हार

"हात काढ! देवाचा हार हाय त्यो!"

आत्याबाईंनी माझ्या मनगटावर अशी चापट मारली की बांगड्या वाजल्या हेळवाकला आणि ऐकू गेल्या पार खाली चिपळुणात. आत्याबाई म्हणजे माझी सासू. ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. उजव्या बाजूला गाडी चालवणारे आमचे मालक, डाव्या बाजूला खिडकीशी आत्याबाई, आणि मधे मी, अडकित्त्यात सुपारी असते तशी.

मालक म्हणजे माझा नवरा, पण मालक गाडीचे हो. माझा मालक अजून जन्माला यायचाय, हे मी सासूला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. त्यावर आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. तो आठवडा फार सुखात गेला.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. आदल्या दिवशी गाडीची पूजा झालेली. कऱ्हाडचा गूळ भरून आम्ही कुंभार्ली घाटातनं गुहागरला निघालो होतो. बायका एरवी ट्रकमधनं जायच्या नाहीत, पण आत्याबाईंना मरायच्या आधी समुद्र बघायचा होता. मरायची घाई काही नव्हती. त्यानंतर त्या चांगल्या वीस वर्षं जगल्या आणि मला पुरून उरतील असं वाटायला लागलं. पण त्या वर्षी त्यांनी हट्टच धरला, आणि एकटं जायला नको म्हणून मला बरोबर घेतलं.

आता तो हार. समोर देवीची तसबीर होती, आमच्या यमाईची. तिला आत्याबाईंनी झेंडूचा हार घातलेला. हार म्हणजे काय, अजगर! त्यात इतका झेंडू होता की मधमाश्या पाटणपर्यंत आमच्या सोबत आल्या आणि तिथनं एसटीनं परत गेल्या. तो हार तसबिरीवरनं खाली उतरून डायवरसमोरच्या सगळ्या काट्यांवर लोळत होता. गाडी किती पळते, इंजन किती तापलंय, टाकीत हवा किती आहे, काही म्हणून दिसत नव्हतं. दिसत होता तो झेंडू.

मला हवेचा काटा बघायचा होता.

त्याचं असं, की आमची गाडी दारातच उभी राहायची. रोज सकाळी मालक इंजन चालू करायचे, आणि बझर कोकलायला लागायचा. ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत तो कोकलायचा. काटा लाल रेघेच्या वर गेला की गप्प. लग्न होऊन आल्यावर मी घाबरून विचारलं होतं, "ही रडती का?" तेव्हा मालकांनी कौतुकानं मला केबिनमध्ये बसवून काटा दाखवला होता. "हवा म्हणजे गाडीचं रगात," म्हणाले. "ती हाय तर ब्रेक हाय. रोज टाकीखालची चावी सोडून साठलेलं पाणी काढायचं, आन् काटा लाल रेघेच्या खाली आसंल तर गाडी जागची हलवायची न्हाई. देव जरी म्हणला चल, तरी न्हाई."

असे शहाणे होते हो. पण आत्याबाईंना ते कोकलणं सोसवेना. "रोज सकाळच्या पारी दारात रडगाणं! अवलक्षण हाय. बंद कर ते." आईचा शब्द. मालकांनी बझरची वायर काढून ठेवली. दसऱ्याला हार आला, काटा झाकला. आणि गाडीला दृष्ट लागू नये म्हणून आत्याबाईंनी सासऱ्यांची एक जुनी चप्पल दिली, मागच्या चाकाजवळ आतल्या बाजूला बांधायला. बाहेर बांधली तर चोरीला जाते म्हणे. सासऱ्यांची चप्पल मेलेला उंदीरसुद्धा चोरणार नाही, पण बांधली मालकांनी तारेनं, खाली जे काही हाताला लागलं त्याला.

तर हेळवाकला, घाट उतरायच्या आधी, आम्ही चहाला थांबलो होतो. मी गाडीच्या मागच्या अंगाला पाय मोकळे करत होते. मालकांनी चढताना ब्रेकवर पाय ठेवला, आणि मला मागच्या चाकापाशी ऐकू आलं. फुसऽऽ. ब्रेक सोडल्यावर सगळ्याच गाड्या फुसकारतात, ते मला माहीत होतं. ही फुसकारत होती दाबल्यावर.

मी वर चढून सांगितलं, "अहो, मागं हवा जातीय."

मालक हसले. "परवा तू सांगितलंस, बिबट्या आपल्या टपावर बसून पाटणला बाजाराला आला."

"तो आलाच होता."

"त्यानं काय घेतलं बाजारात?"

"बोंबील," मी म्हणलं. तिथंच माझं चुकलं. मला गप्प बसवत नाही.

मालक आणि आत्याबाई दोघं हसले, आणि बिबट्याबरोबर माझी हवाही उडून गेली.

त्यात चहाच्या टपरीवर सोपान म्हणून एक डायवर भेटला होता, तोंडात तंबाखू आणि जिभेवर फुशारकी. तो म्हणाला होता, "आनंदा, मी हितनं गाडी निस्ती सोडतो. न्यूट्रल. पार पोफळीपातुर डिझेलचा थेंब लागत न्हाई. तू अजून गेरातच उतरवतोस व्हय? म्हातारा झालास लेका." आमच्या मालकांचा नेम होता, ज्या गेरात घाट चढायचा त्याच गेरात उतरायचा. पण पुरुषाला म्हातारा म्हणलं की नेम राहतो बाजूला.

म्हणून घाटाच्या तोंडाशी मालकांनी गाडी न्यूट्रल केली, मी हाराकडं हात नेला, आणि ती चापट बसली.

"आत्याबाई, नुसता काटा बघती. परत ठेवती."

"देवाचा हार सुकंस्तवर हलवायचा न्हाई. तुला काय करायचाय काटा?"

गाडी सुटली. इंजन नुसतं गुरगुरत होतं आणि मागनं गुळानं भरलेली गाडी आम्हाला ढकलत होती. डाव्या अंगाला दरी. दसऱ्याच्या सुमाराला कुंभार्ली घाट इतका हिरवा असतो की त्यात पडलेला माणूस सापडत नाही. पहिलं वळण आलं. मालकांनी ब्रेक दाबला. फुसऽऽ. गाडी सावरली. दुसरं वळण. फुसऽऽ. सावरली, पण जरा उशिरा.

"अहो, हवा चाललीय. मला ऐकू येतंय."

"हवा गेली आस्ती तर बझर कोकलला आस्ता की."

"कोकलंल कसा? वायर तर तुम्ही..."

"हौसा!" आत्याबाई माझ्यावर गरजल्या. "चालत्या गाडीत डायवरला शिकवायचं न्हाई! तुझा बा टांगेवाला, आन् तू माझ्या पोराला ट्रक शिकवतीस?"

आता तुम्ही म्हणाल, नवरा चांगला होता तर ऐकलं का नाही? आईसमोर बायकोचं ऐकलेला नवरा मी तोपर्यंत बघितला नव्हता. त्यानंतरही एकच बघितला, आणि तो बहिरा होता.

मी वाकून हाराच्या खालून बघितलं. दोन झेंडूंच्या मधनं काटा दिसला. लाल रेघेवर आलेला, आणि सरळ खाली चाललेला.

मी मालकांच्या तोंडाकडं बघितलं. पुढच्या वळणाला ब्रेक दाबताना त्यांचा पाय दोनदा पंपासारखा हलला. म्हणजे पायाला कळलं होतं, पण डोक्याला ते मानायचं नव्हतं. आणि जितके पंप मारतील तितकी उरलेली हवा जाणार. गाडीचा वेग वाढत होता. अजून थोडा वाढला असता तर गेरही पडला नसता.

माझं खरं तीनदा सांगून झालं होतं. माझ्या खऱ्याला कुणी विचारत नाही, हे मला माहीत होतं. मग मी तेच केलं जे मला येत होतं.

अंबाडा सोडला. समोर पूजेच्या ताटलीत कुंकू होतं, ते मूठभर कपाळाला फासलं. आणि पोटातनं आवाज काढला. "हुंऽऽऽ!"

आता हे सांगायला पाहिजे, की आमच्या घरात देवी यायची ती आत्याबाईंच्या अंगात. दर नवरात्रात. गावातले लोक जमायचे. तिच्याच सांगण्यावरनं माझ्या सासऱ्यांनी बैलांच्या शर्यतीचा नाद सोडला होता, असं सगळं गाव सांगायचं. माणूस शर्यतीपायी जमीन घालवायला निघालेला, देवी कडाडली आणि दुसऱ्या दिवशी बैल नांगराला. तेव्हा ते घुमणं कसं असतं, मान कुठून कुठं जाते, श्वास कुठं धरायचा, हे मी दरवर्षी पुढच्या रांगेत बसून बघितलं होतं. तेच सगळं केलं. केस गरागरा फिरवले. मालकांच्या तोंडावर चार फटके बसले केसांचे.

"हौसे! काय करतीस, येडी का काय!"

"हौसा कोण? हुंऽऽ! ओळखलं न्हाईस मला?"

आत्याबाई वळल्या. माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा, डोळे बारीक करून. बाजारात वांगं दाबून बघावं तसं. देवी कशी येते हे त्या गाडीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस माझ्याकडं बघत होतं.

मग आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले आणि अशी आरोळी ठोकली की माझी देवी दचकली.

"आनंदाऽऽ! आई आली रं! यमाई आली! काय म्हणती ते ऐक!"

"माझ्या डोळ्यावर हार कुणी टाकला?" मी ओरडले. "मला वाट दिसंना! काढ!"

हार आत्याबाईंनीच काढला. ओढूनच काढला, तसबीर वाकडी झाली. काटा उघडा पडला. मालकांनी बघितला. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी केसांच्या आडनं बघितलं.

"बघितलास? पंप मारू नगंस! हवा राखून ठिव! गेर टाक!"

"टाकतो, आई, टाकतो!"

क्लच, मग एक्सलेटर, मग परत क्लच. "एक्सलेटर दे! अजून एक्सलेटर!" मी घुमत ओरडले. दांडा कुठं जाईना. खर्रर्र झालं. मी डोळे मिटून घुमत राहिले, पण एक डोळा उघडा होता. दुसऱ्यांदा त्यांनी इंजन असं गर्जवलं की दरीतली माकडं झाडावरनं उतरून रांगेत उभी राहिली. आणि गेर पडला. गाडीला मागनं कुणी शेपूट धरल्यासारखा हिसका बसला. इंजनानं गाडी पकडली.

"आता अजून एक खाली! आन् डोंगराकडं घे! दरीकडं बघू नगंस!"

समोरनं एसटी वर येत होती. तिला जाऊ दिलं. मालकांनी उरलेला ब्रेक एकदाच, पुरा दाबला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी डोंगराच्या पायथ्याच्या नाल्यात पुढचं चाक घालून, मातीला गाल घासत उभी राहिली. वर बांधलेल्या एका ढेपीचा तुकडा सुटून टपावर आपटला. मग सगळं शांत. इंजन तेवढं धापा टाकत होतं.

मी देवीसकट खाली उडी मारली आणि चाकांना दगड लावायला लागले. केस मोकळे, कपाळभर कुंकू, दोन्ही हातांत धोंडे. मालकांना एवढंही सुचलं नाही की देवी स्वतः उतरून दगड का लावतीय. त्या एसटीतल्या लोकांनी मात्र खिडकीतनं बघितलं. कुंभार्ली घाटात एक बाई उभी असते आणि ब्रेक गेलेल्या गाड्यांच्या चाकाला दगड लावते, असं अजूनही डायवर लोक सांगतात. मला स्वतःला एका डायवरनं सांगितलंय, हात जोडून. मी विचारलं, दिसायला कशी आहे? म्हणाला, लई देखणी. मग मी त्याला दोन कप चहा पाजला.

मालक गाडीखाली गेले. बराच वेळ बाहेर येईनात. आले तेव्हा हातात सासऱ्यांची चप्पल होती आणि तिला लोंबणारी तार. ती चप्पल त्यांनी ज्याला बांधली होती, तो मागच्या ब्रेकला हवा नेणारा रबरी पाइप होता. चप्पल झोके घेत राहिली, तार करवतीसारखी घासत राहिली, पाइप चिरला.

आत्याबाईंनी त्यांच्या हातातनं चप्पल घेतली आणि दरीत भिरकावली. मग मालक माझ्यासमोर आले, आणि माझे पाय धरले.

"आई, चुकलं माझं. पोटात घाल."

माझ्या पावलांवर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडलं. मला वाटलं आत्ताच खाली बसावं आणि सांगावं, अहो मीच आहे, हौसा. पण आत्याबाई मागनं म्हणाल्या, "देवीला आता जाऊ दे, आनंदा. तिला पाणी दे प्यायला." मी मान टाकली, डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं हो? आपण थांबलो का?"

एका खाली जाणाऱ्या डायवरनं पोफळीला निरोप दिला, तिथनं मिस्त्री पाइप घेऊन आला. तो बसवल्यावर मालकांनी न सांगता आधी बझरची वायर जोडली. इंजन चालू केलं. बझर कोकलायला लागला. घाटभर कोकलला. काटा हळूहळू चढत होता आणि आम्ही तिघं त्याच्याकडं तसबिरीकडं बघावं तसं बघत होतो.

"रडू दे तिला," आत्याबाई म्हणाल्या. "रडती तवर आपली हाय."

खाली उतरलो ते दुसऱ्या गेरात. पायी चालणारी एक म्हातारी आमच्या पुढं गेली, आणि मालकांनी तिला हात केला.

गुहागरला गूळ उतरवला तेव्हा उन्हं कलली होती. मालक व्यापाऱ्याकडं थांबले, आणि मी आत्याबाईंना समुद्रावर घेऊन गेले. त्यांनी काठावर उभं राहून आधी समुद्राला नमस्कार केला, मग लुगडं वर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात गेल्या. लाट आली की माझा दंड धरायच्या, गेली की सोडून द्यायच्या. बराच वेळ गेल्यावर समोर बघतच म्हणाल्या,

"हौसा."

"जी."

"देवी 'एक्सलेटर' म्हणत नसती. घुमायच्या भरात तू दोनदा म्हणालीस."

माझे पाय वाळूत रुतले. त्यात लाटेनं खालची वाळू नेली. मी म्हणलं, "आत्याबाई, शप्पथ..."

"शप्पथ घेऊ नगंस, समुद्र ऐकतोय." त्या अजूनही समोरच बघत होत्या. "आन् मान तू डावीकडनं फिरवलीस. माझी उजवीकडनं फिरती."

"तुम्हाला कळलं होतं? मग तुम्ही आरोळी का ठोकली?"

"हार तूच हलवला आस्तास तर मी परत चापट मारली आस्ती. पर म्या तुझं तोंड बघितलं. कुंकवाखाली पांढरं फट्ट. थापा मारताना तुझं तोंड कसं फुलतं ते मला ठाऊक हाय. म्हणलं, हिला आज काहीतरी दिसलंय. मग मी तुला सांगू, म्या सोतानं त्याला 'थांब' म्हणलं आस्तं, तरी तो थांबला नस्ता. 'आई घाबरती' म्हणून हसला आस्ता."

लाट आली. त्यांनी दंड धरला. ह्या वेळी सोडला नाही.

मी हळूच विचारलं, "आत्याबाई, तुमच्या अंगात येतं ते?"

मला वाटलं, आता त्या मला समुद्रातच ढकलून देतील.

"तुझा सासरा बैलावर जमीन लावायला निघाला होता," त्या म्हणाल्या. "पोटात आनंदा होता माझ्या. म्या पाया पडले, रडले, उपाशी राहिले. ऐकंना. त्या नवरात्रात..." त्या हसल्या. त्यांना हसताना मी फार कमी बघितलंय. दात चांगले होते हो म्हातारीचे. "पहिल्यांदा मान डावीकडनंच फिरवली होती म्याबी. लचकली. तवापास्नं उजवीकडनं."

मग माझ्या केसांतली वाळू झटकत म्हणाल्या, "आन् ऐक. रोज आणायची न्हाई. वर्सातनं एकदा, फार तर दोनदा. न्हाईतर तिचंबी तुझ्यासारखं हुईल. कुणी ऐकायचं न्हाई."

हे मी मालकांना कधी सांगितलं नाही. ते गेले तोपर्यंत रोज सकाळी टाकीतलं पाणी सोडायचे, हातोडीनं एकेक टायर वाजवून बघायचे, आणि काट्यासमोर फुलाची पाकळीसुद्धा पडू द्यायचे नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचे, "देवीची आज्ञा हाय." मी आत भाकऱ्या थापत असायचे.

आता गाड्या माझ्या नातवाच्या, सुजयच्या आहेत. तीन आहेत. फोनमध्ये सगळं दिसतं त्याला, गाडी कुठं आहे, डायवर किती पळवतोय, टायर तापलं का, हवा किती. काही बिनसलं की फोन टुंग टुंग करतो. परवा जेवताना ताटाशेजारी फोन गप्प पडलेला बघितला. नातसून मयूरी म्हणाली, "आवाज बंद केलाय त्यांनी. किती सांगितलं, आंबा घाटात गाडी आहे, चालू ठेवा."

"सारखं कोकलतं गं," सुजय म्हणाला. "झोप लागत नाही. आणि तुला काय कळतंय त्यातलं?"

म्हणून मी त्या दिवशी ही सगळी गोष्ट सांगितली, बिबट्यापासनं समुद्रापर्यंत. सुजय पोट धरून हसला. "आज्जी, कसल्या थापा मारतेस! माकडं रांगेत!" ताट उचलून गेला. फोन तसाच गप्प.

मयूरी हसली नाही. खरकटं आवरता आवरता माझ्याशेजारी येऊन बसली, दाराकडं एकदा बघितलं, आणि हळूच विचारलं,

"आज्जी, केस आधी सोडायचे, का कुंकू आधी लावायचं?"